स्टर्डी सून आणि विहीणबाईंचा रुसवा

लग्नात वरपक्षानं रुसायचं असतं. तो त्यांचा हक्क आहे, आणि आमच्या ग्वाल्हेरात तो कुणी सोडून दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. दक्षिणेतून शिंद्यांच्या मागोमाग इथे आलेल्या आम्हा घरांनी पुष्कळ गोष्टी वाटेत टाकल्या. बोलण्यात निम्मी हिंदी शिरली, सकाळच्या पोह्यांच्या जागी कचोरी आली, पण रुसवा तेवढा नीट गाठोड्यात बांधून आणला. कुणी चहा गार मिळाला म्हणून रुसतं, कुणी पाट डुगडुगला म्हणून. मग मुलीकडच्यांनी हात जोडायचे, आर्जवं करायची, हातावर काहीतरी ठेवायचं, की रुसलेली मंडळी हसत पानावर येऊन बसतात.

यात शहाणपण एवढंच, की रुसायला जागा आपणच करून ठेवावी. सगळं चोख केलं तर ते बिचारे कशावर रुसणार? मग ते काहीतरी मोठं शोधतात. आमच्या जयेंद्रगंजातच एका घरानं असा चोख बंदोबस्त ठेवला होता. व्याह्यांना कुठेच खोड सापडेना, तेव्हा ते शेवटी मुलीच्या नाकावर रुसले आणि मोटारसायकल घेऊनच उठले. म्हणून माझ्या लीलाच्या लग्नात मी आधीच ठरवून उणिवा केल्या होत्या. जानवशात एक उशी कमी. आमटीत मीठ कमी. विड्यात कात नाही. विहीणबाईंच्या पाटाभोवतीची रांगोळी एका कोपऱ्यात अर्धवट.

फक्त एक उणीव माझ्या हिशेबात नव्हती. ती म्हणजे आमचे हे.

हे इंग्रजीचे मास्तर. सारं गाव यांना रमाकांत मास्तर म्हणतं. माणूस सरळ, निर्व्यसनी, पण शब्दांची कुळं काढायचा नाद. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावातून यांनी एक जाडजूड इंग्रजी कोश आणला. मी त्याच दिवशी तो उचलून लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवला, आणि मग घरात चांगलाच अबोला झाला. त्या कोशात म्हणे प्रत्येक शब्दाचा मूळपुरुष दिलेला असतो. हा लॅटिनात जन्मला, फ्रान्सात वाढला, इंग्लंडात येऊन घर करून राहिला. जेवताना कुणी 'टेबल' म्हटलं, की हे हातात घास धरून रोमला निघालेच. मुलीला स्थळ आलं तर मुलाचं गोत्र विचारायचं यांच्या लक्षात राहत नाही, पण मुलाच्या बापानं बोलता बोलता वापरलेल्या शब्दाचं गोत्र रात्रीच्या आत काढून होतं.

लीला आमची एकुलती एक. अंगानं भरलेली, खांद्यानं रुंद, चालणं असं की जिन्याला आधी कळावं. विहिरीच्या दोन कळश्या एका खेपेत आणायची, आणि शाळेच्या मुली किल्ला चढायला गेल्या तेव्हा पाय मुरगळलेल्या मैत्रिणीला पाठीवर घेऊन खाली उतरली होती. मला तिचा अभिमान होता. पण स्थळांना नव्हता. पहिल्या स्थळानं कळवलं, मुलगी जरा थोराड आहे. दुसऱ्यानं तर तोंडावरच सांगितलं की जोडा उलटा दिसेल. लीला हसली, 'उनकी मर्ज़ी' म्हणाली आणि आत जाऊन झाडू घेतला. मला त्या लोकांच्या घरी जाऊन त्यांचे खांदे मोजावेसे वाटत होते.

तिसरं स्थळ माधवगंजातलं. मुलाचे वडील तात्यासाहेब, संस्थानच्या लहान रेल्वेत इंग्रज इंजिनिअराच्या हाताखाली आयुष्य काढून नुकतेच घरी बसलेले. गडगडाटी आवाज, भरघोस मिशा, आणि बोलण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही एका दमात. मुलगा विश्वासराव रेल्वेच्याच वर्कशॉपात. त्यानं मुलगी बघायला आल्यावर एकच प्रश्न विचारला.

"सायकल येते?"

"येते," लीला म्हणाली. "उतरणं नीट येत नाही."

तो खो-खो हसला, आणि मी पाहिलं की माझी मुलगी लाजली. त्यापूर्वी मी तिला लाजताना पाहिलेलं नव्हतं. हे स्थळ हातचं गेलं तर या वेळी ती झाडू घेऊन हसणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं.

तात्यासाहेब म्हणाले, "मास्तर, साफ बोलतो. आमच्या घरी माणसांचा राबता फार. नाज़ुक-बिज़ुक नहीं चलेगी."

यावर आमच्या यांनी छाती काढली आणि इंग्रजीत सांगितलं, "माय डॉटर इज स्टर्डी."

"स्टर्डी!" तात्यासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "वा! आमचा साहेब त्याच्या लाडक्या इंजिनाला स्टर्डी म्हणायचा. चढाव असो, पूर असो, गाडी बंद पडली नाही. पक्की समजा, मास्तर. सून मिळावी तर अशी."

एका शब्दावर लग्न ठरलं. तात्यासाहेब तो शब्द घेऊन गावभर फिरले. टोपी बाजारात जरीच्या टोप्या घ्यायला गेले तर दुकानदाराला सांगून आले, "भैया, बहू मिली है स्टर्डी." दुकानदारालाही तो शब्द आवडला, आणि तो टोपीच्या अस्तराला स्टर्डी म्हणू लागला.

इकडे लग्न ठरलं त्याच संध्याकाळी ह्यांनी कोश उघडला. आनंदाच्या भरात, जावयाची पत्रिका पाहावी तसा. थोड्या वेळानं बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला.

"अगं, घोटाळा झाला."

"पत्रिकेत?"

"शब्दात. स्टर्डी म्हणजे दणकट, हे हल्लीचं. मुळात फ्रेंच शब्द आहे, त्याचा अर्थ डोकं बधिर झालेला, चक्कर आलेला. मग झाला आततायी. मग अडेलतट्टू. हट्टेकट्टे भिकारी असत ना, त्यांनाही म्हणत. दणकट अगदी शेवटी."

"शेवटी झाला ना? मग झालं."

"त्याच्याही मागे कुणी पंडित सांगतात की एका पाखराच्या नावावरून आलाय. आपल्या कस्तुरासारखं पाखरू. आंबलेली द्राक्षं खाऊन झिंगायचं." हे आता खाली बसले. "आणि मेंढ्यांना एक रोग होतो. मेंदूत किडा शिरतो आणि मेंढी जागच्या जागी गोल गोल फिरते. त्या रोगाचं नाव काय असेल?"

मी नाव विचारलं नाही. मला ते कळलं होतं.

"मी मुलीच्या बापाच्या नात्यानं शब्द दिलाय," हे म्हणाले, आणि खुंटीवरची टोपी काढली. "तात्यासाहेबांना सांगून येतो. नंतर कळलं तर फसवलं म्हणतील."

मी दारात आडवी उभी राहिले. पण मला बोलावं लागलं नाही. लीला आतून आली आणि बापाच्या हातातली टोपी काढून घेतली.

"बाबा, मत जाओ. मेरी कसम." आवाज तिचा नेहमीचा होता, टोपी मात्र तिनं पाठीमागे लपवली. "त्यांना मी आवडले आहे. मलाही ते... बस. तुम्ही घरी बसा."

यांना आम्ही देवापुढे उभं केलं. खोटं बोलणार नाही, असं हे म्हणाले. खोटं बोलू नका, नुसते गप्प बसा, असं मी म्हणाले. शेवटी तोड निघाली, की कुणी आपण होऊन विचारलं नाही तर हे त्या शब्दाचं कूळ काढणार नाहीत. मी निश्चिंत झाले. भर लग्नात शब्दाचं कूळ कोण विचारतंय?

माघातलं लग्न. आमच्याकडची माघातली थंडी म्हणजे कळशीत हात घालवत नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन. माधवगंज आमच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, पण वऱ्हाड म्हणजे वऱ्हाड. ट्रंका, वळकट्या, पानाचे डबे घेऊन टांग्यातून मंडळी आली, आणि लांबच्या प्रवासानं शिणल्यासारखी जानवशात लोळली. मी उशी मोजून एक कमी पाठवली होती. कान देऊन बसले, आता निरोप येईल.

निरोप आला नाही. तात्यासाहेबांनीच उशी सोडली. "उशी काय करायचीय? हम लोग स्टर्डी हैं!" म्हणे, आणि वळकटीवर डोकं ठेवून घोरले.

मग मी विहीणबाईंचे पाय धुतले. कुसुमताई त्यांचं नाव. ठेंगण्या, गोऱ्या, ओठ घट्ट मिटलेल्या. पाटाभोवतीची अर्धी रांगोळी त्यांनी बरोबर हेरली, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, तोच तिकडून आवाज आला, "चलता है! घरचंच आहे!" त्यांनी तोंड मिटलं. मला त्यांची दया आली. ही बाई जन्मभर सुना-सासवांच्या रुसव्यात वाढलेली. यांच्या लग्नात यांच्या सासूनं भिंतीकडे तोंड करून अख्खा मांडव तिष्ठत ठेवला होता, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. इतकी वर्षं यांनी आपली पाळी यायची वाट पाहिली, आणि पाळी आली तर नवऱ्याला सुचलंय दणकट व्हायचं.

मग पंगत बसली. मांडव लहान, म्हणून पुरुषांच्या आणि बायकांच्या रांगा समोरासमोर. आमटी वाढली. विहीणबाईंनी भुरका घेतला आणि त्यांचे डोळे चमकले. मीठ नाही! त्यांनी वाटी खाली ठेवली.

"आमटी—"

"फर्स्ट क्लास!" समोरून तात्यासाहेब. "वाढा अजून."

आता मात्र मी वाढायची थांबले. ही माणसं कशावरच रुसत नाहीत, याचा अर्थ सगळं साठवून ठेवताहेत, आणि उद्या ऐन मुहूर्तावर काढणार. मी देवाला म्हटलं, बाबा रे, आज काहीतरी होऊ दे. देव कधी नव्हे तो लगेच ऐकतो ते असं.

जिलबी वाढून झाली आणि तात्यासाहेब बसल्या जागी ताठ झाले. "मंडळी," ते म्हणाले, "मी हुंडा नाही पाहिला, पत्रिका नाही पाहिली. मी एका शब्दावर सून घेतली. आमचे व्याही म्हणजे शब्दांचे पंडित. मास्तर, तुम्हीच सांगा सगळ्यांना, हा स्टर्डी शब्द मूळचा कुठला?"

मी यांच्याकडे पाहिलं. डोळे मोठे केले. मान हलवली. हातातलं तुपाचं भांडं खाली पाडलं. काही उपयोग झाला नाही. ह्यांच्या तोंडावर असा उजेड पडला होता की मला सारं संपल्याचं कळलं. शपथेप्रमाणे विचारलं होतं त्यांना.

आणि ह्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं. बधिर डोकं, झिंगलेलं पाखरू, हट्टेकट्टे भिकारी, एकेक करून, पंगतीला नीट कळेल असं, मध्ये थांबून. मेंढीपाशी आले तेव्हा बोटानं केळीच्या पानावर गोल काढून दाखवला.

मग द्रोण पानावर आपटल्याचा आवाज आला.

"म्हणजे," विहीणबाई म्हणाल्या, "चक्कर येणारी मुलगी आमच्या गळ्यात बांधताय?"

आणि त्या उठल्या. काय उठल्या! पदर खांद्यावर घेतला, मांडवाच्या कनातीपाशी गेल्या आणि तिच्याकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या मागोमाग त्यांच्या जावा, नणंदा, सगळ्या. पाठीच पाठी. खरं सांगते, मला क्षणभर हायसं वाटलं. रुसल्या एकदाच्या! माझ्या पेटीत त्यासाठीच एक साडी घडी करून ठेवली होती.

पण तात्यासाहेबांकडे पाहिलं आणि ते हायसं तिथेच संपलं. तो माणूस रुसला नव्हता. त्याला लागलं होतं.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "मी साऱ्या टोपी बाजारात सांगत फिरलो. लोक उद्या मला मेंढीवाला म्हणतील. हे तुम्ही ठीक नाही केलंत." ते पानावरून उठले. "सकाळी बघू काय ते."

सकाळी बघू म्हणजे काय, हे मुलीच्या आईला समजावून सांगावं लागत नाही. मी धावत साडी आणली. हात जोडले. तात्यासाहेबांनी साडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला साडी नको, अंगठी नको. मला शब्द बदलून द्या. असा शब्द, ज्याचं खानदान साफ आहे."

रुसव्यात कुणी शब्द मागितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. पण ह्यांना मात्र धीर आला. लगेच म्हणाले, "रोबस्ट घ्या. उत्तम शब्द. लॅटिन. ओकच्या लाकडापासून आलाय."

कनातीकडून, पाठ न वळवता, आवाज आला, "लाकूड? सून लाकूड आणायची घरात?"

"मग स्टाउट. स्टाउट म्हणजे मुळात ताठ मानेचा, गर्विष्ठ—"

"बघा! आणि आता?"

"आता... जाडा."

"बस करा हो," मी म्हटलं. पण ह्यांचं चालूच.

"स्टॉलवर्ट! याला कुणी नाव ठेवणार नाही. भक्कम पाया असलेला."

"पाया? म्हणजे ती खाली आणि आम्ही सगळे तिच्या डोक्यावर बसणार? असं म्हणायचंय तुम्हाला?"

विहीणबाईंचा आवाज आता खुलला होता. जावा-नणंदांचे खांदे हसण्यानं हलत होते. विहीणबाईंना जन्मात मिळालं नव्हतं एवढं सुख मिळत होतं, आणि इकडे माझ्या मुलीचं लग्न शब्दागणिक खाली खाली चाललं होतं. तात्यासाहेब हसत नव्हते. विश्वासराव बापाच्या मागे उभा राहून "बाबूजी, अहो, सुनिए तो" असं काहीतरी म्हणत होता, पण त्याचं कोण ऐकतो?

तेवढ्यात लीला बाहेर आली.

सीमांतपूजनाच्या दिवशी नवरीनं असं वऱ्हाडासमोर यायचं नसतं. ती आली, आणि तिच्या चालीनं मांडवातली भांडी वाजली. तिचे डोळे सुजलेले होते. ती तात्यासाहेबांसमोर उभी राहिली.

"तात्यासाहेब, मला दुसरा शब्द नको."

"बेटी, तू आत जा."

"जाते. आधी बोलू द्या. दुसऱ्या स्थळानं मला नाही म्हटलं ना, तेव्हा मी हसले. मग आत जाऊन झाडू घेतला. आईला वाटलं मी झाडतेय. मी नुसती फिरत होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत तिकडून इकडे. काही सुचत नव्हतं. डोकं बधिर झालं होतं. बाबांनी आत्ता सांगितलं ना मेंढीचं, बिलकुल तसंच. मग हळूहळू उभी राहिले आणि कळश्या उचलल्या. त्यानंतर बाबा मला स्टर्डी म्हणाले. चुकीचं काय बोलले ते?"

तिनं पदरानं नाक पुसलं.

"उद्या तुम्ही माझं नाव बदलणार. नवं नाव काय ठेवणार, ते मला कुणी सांगितलंही नाही. ठीक आहे. नाव ले लीजिए. हा शब्द तेवढा माझ्यापाशी राहू द्या."

मी तिची आई, पण मला हे माहीत नव्हतं. झाडण्याच्या नावाखाली ती फिरत होती आणि मी मात्र समोरच्यांचे खांदे मोजत बसले होते. मला रडू कोसळलं आणि मी ते लपवलं नाही.

कनातीपाशी हालचाल झाली. विहीणबाई वळल्या होत्या.

"काय नाव ठरलंय हो हिचं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "मृदुला."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. लीलाकडे पाहून मलाही त्या रडण्यात हसू आलं. विहीणबाईंना मात्र आलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या.

"आणि माझं? माझं माहेरचं नाव काय होतं, सांगा बरं."

तात्यासाहेब म्हणाले, "अरे, ये भी कोई बात हुई?" मग थांबले. मग म्हणाले, "कुसुम." मग म्हणाले, "नाही, ते आपण ठेवलं." मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. रेल्वेतल्या प्रत्येक इंजिनाचा नंबर तोंडपाठ असलेला तो माणूस मांडवाच्या मधोमध उभा राहिला आणि चारी दिशांना बघू लागला, जणू नाव कुठेतरी टांगलेलं सापडेल. कुणी त्यांना खुर्ची दिली. ते बसले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी जर असं तोंड उघडं टाकलं, तर मी काय करणार होते कोण जाणे. मी नजरेनंच विचारलं.

"वेणू," हे लगेच म्हणाले, जसं काही कुणी टेबल म्हटलं होतं. "तू वेणू. मी इंदू केलं. वेणू म्हणजे मुळात वेळू, बांबू. मग बासरी झाली. संस्कृतात—"

एरवी मी इथे त्यांना थांबवते. त्या संध्याकाळी मी त्यांना संस्कृतातही जाऊ दिलं आणि तिथून पुढेही. सारी पंगत निमूट ऐकत होती, आणि मला वाटत होतं की अजून थोडं सांगावं यांनी.

विहीणबाईंनी ते पुरतं ऐकलं. मग शांतपणे आपल्या पानावर येऊन बसल्या.

"विहीणबाई," मी हात जोडले, "रुसवा सोडलात ना?"

"तुमच्यावरचा सोडला," त्या म्हणाल्या. "यांच्यावर आहे. मुलीचं नाव लीलाच राहील, ते मी मागून घेते. आणि माझं नाव यांनी शोधून आणायचं. मी सांगणार नाही. आणेपर्यंत मी यांच्याशी बोलायची नाही." मग वाटी पुढे केली. "आणि आमटीत मीठ घाला हो जरा."

साडीनं, हातावर ठेवून, आर्जवानं सुटणारे सगळे रुसवे मला ठाऊक होते. हा नवीन होता. याला कुणाकडेच औषध नव्हतं.

सकाळी तात्यासाहेब जानवशातून निघाले ते माणसं शोधत. त्यांचे आईवडील केव्हाच गेलेले. बायकोचं माहेर झाशीकडचं, तिथे आता कोणी नाही. एका काकानं सांगितलं, कमळा असावं. दुसरा म्हणाला, कावेरी. विहीणबाईंकडे जाऊन त्यांनी दोन्ही नावं म्हणून पाहिली. त्या विडा चावत राहिल्या. मुहूर्त झाला, अक्षता पडल्या. ताम्हनात तांदूळ पसरले आणि विश्वासरावानं अंगठीनं त्यात नाव लिहिलं. वाकून बघायला सगळ्यांची झुंबड. लिहिलं होतं, लीला. भटजी म्हणाले, "हे तर तेच आहे." विश्वासराव म्हणाला, "वही तो चाहिए." माझ्या मुलीनं मान खाली घातली, पण तिच्या रुंद खांद्यांवरून मला कळलं की ती हसते आहे.

शेवटी तात्यासाहेबांना आठवली एक फार म्हातारी आत्या. ती वऱ्हाडात होती, कोपऱ्यात शेगडीजवळ बसून. कानानं ठार बहिरी. तात्यासाहेब तिच्यापुढे बसले आणि ओरडले, "आत्या, माझ्या बायकोचं नाव काय?"

"कुणाचं गाव?"

"गाव नाही! नाव! माझ्या बायकोचं!"

सारा मांडव वाजंत्रीवाल्यांसकट थांबला. नवऱ्या मुलाचा बाप असलेला तो भरघोस मिशांचा माणूस सर्वांदेखत आपल्या बायकोचं नाव ओरडून ओरडून विचारत होता. आत्यानं डोळे मिटून विचार केला. मग ती काहीतरी बोलली, आणि तात्यासाहेब गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

त्या वेळी विहीणबाई माझ्याजवळ उभ्या होत्या. मी त्यांची ओटी भरत होते. त्या पाठमोऱ्या होत्या.

"दुर्गा," तात्यासाहेबांनी हाक मारली.

नवऱ्यानं बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची आमच्यात रीत नव्हती. सगळ्या बायका थिजल्या. विहीणबाई मात्र ओच्यातला नारळ नीट करत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"दुर्गा," त्यांनी पुन्हा हाक मारली. आवाज या वेळी गडगडाटी नव्हता.

मी विहीणबाईंच्या कोपराला हात लावला. "तुम्हाला हाक मारताहेत."

"मला?" त्या म्हणाल्या. मग त्यांना कळलं. त्यांचा हात नारळावर तसाच राहिला, ओठ हलले, आणि लहान मुलीसारखा बारीक आवाज आला.

त्यांनी ओ दिली.